आधी खोली मोजा, मग अर्ज भरा

इंदूरच्या माणिकबाग राजवाड्यात आज केंद्रीय कर खात्याचे कार्यालय भरते. ज्या दालनांत आता फायली फिरतात, ती दालने १९३० ते १९३३ या काळात महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराने घडवली. काम सुरू झाले तेव्हा मुथेसियस सव्वीस वर्षांचा होता आणि महाराज त्याच्याहूनही चार वर्षांनी लहान होते. घडणीचे बरेचसे सामान जर्मनीहून जहाजाने आले. माळव्याच्या उन्हाळ्यासाठी थंड हवेची यंत्रणा बसवली गेली. रुलमानचे लिहिण्याचे मेज, आयलीन ग्रेची ट्रान्सॅट आरामखुर्ची, लुई सोन्यो आणि शार्लोत अलिक्स यांनी केलेले धातू-काचेचे पलंग, दा सिल्वा ब्रून्सचे गालिचे असा त्या काळातला युरोपातला सर्वांत पुढारलेला ऐवज इथे एका छताखाली मांडला गेला. पुढे १९८० मध्ये त्यातले बरेचसे सामान सदबीजने मोनॅकोत लिलावात विकले. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावट-कला संग्रहालयाने या हौशी, अबोल महाराजांवर मोठे प्रदर्शन भरवले. म्हणजे घराच्या आतल्या रचनेच्या जागतिक इतिहासात इंदूर हे नाव पक्के कोरलेले आहे. आणि याच इंदुरात बारावीनंतर इंटिरिअर डिझाइनच्या नामांकित संस्थेत जाऊ पाहणारा मुलगा किंवा मुलगी तयारी कशावर करते? दिल्लीत किंवा पुण्यात छापलेल्या शिकवणीच्या नोट्सवर, इंटरनेटवरून उतरवलेल्या स्कँडिनेव्हियन दिवाणखान्यांच्या चित्रांवर, आणि शेडिंगच्या ठरावीक सरावावर.

ही तयारी चुकीच्या दिशेने चालली आहे, असे माझे म्हणणे आहे. स्पर्धा तीव्र असलेल्या संस्था प्रवेश परीक्षेत रेखाटनातली सफाई तपासतात हे खरे. सामान्य ज्ञान तपासतात हेही खरे. पण त्यांना मुळात हवी असते एक सवय: एखाद्या जागेत माणसे कशी वावरतात, कुठे अडखळतात, कुठे टेकतात, कोणती वस्तू कुठे आणि का ठेवतात हे बघण्याची सवय. ती शिकवणीवर्गात तीन महिन्यांत लागत नाही. जिथे आपण रोज राहतो त्या घरात, गल्लीत, बाजारात ती लागते. म्हणून इंदूरच्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत चांगले पाठ्यपुस्तक इंदूर हेच आहे. हे वाक्य भावनेच्या भरात लिहिलेले नाही. परीक्षांची रचना आणि या संस्थांचा इतिहास, दोन्ही त्याच्या बाजूने साक्ष देतात.

आधी वाटा कोणत्या ते पाहू, कारण पालकांचा पहिला गोंधळ इथेच होतो. आर्किटेक्चर आणि इंटिरिअर डिझाइन हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. बी.आर्क. पाच वर्षांचे, त्यासाठी बारावीला गणित लागते आणि नाटा किंवा जेईई मेनचा दुसरा पेपर द्यावा लागतो. डिझाइनची पदवी म्हणजे बी.डेस. सहसा चार वर्षांची, आणि तिला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, फर्निचर आणि इंटिरिअर डिझाइन अशी स्वतंत्र शाखा आहे. पण तिथे थेट त्या शाखेत प्रवेश मिळत नाही. पहिले वर्ष सर्वांना सारखे, पायाभूत, आणि शाखा नंतर ठरते. मध्य प्रदेशची एनआयडी भोपाळला २०१९ मध्ये सुरू झाली. ‘घराजवळ एनआयडी आली’ म्हणून इंदूरकर खूश झाले, पण ज्याला इंटिरिअरच करायचे आहे त्याने तिथल्या शाखा कोणत्या हे अर्ज भरण्याआधी बघावे, नाव एक म्हणून विषय एक असे समजू नये. आयआयटीच्या डिझाइन पदवीसाठी आयआयटी मुंबई यूसीड ही परीक्षा घेते. तो रस्ता मोठा आहे, पण तो मुख्यतः वस्तू, संवाद आणि संगणकीय पडद्यावरच्या डिझाइनकडे जातो. अहमदाबादलाच सेप्ट विद्यापीठ आहे. १९६२ मध्ये वास्तुकला शाळा म्हणून निघालेल्या या संस्थेने १९९१ मध्ये इंटिरिअर डिझाइनची वेगळी शाळा काढली. आणि मुंबईत १८५७ पासूनचे सर जे. जे. कला महाविद्यालय, ज्याला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथे गृहसजावट हा विषय कितीतरी वर्षांपासून शिकवला जातो. इंदूरच्या मराठी कुटुंबांना जे. जे.चे नाव आजोबांच्या तोंडून ऐकून माहीत असते, पण महाराष्ट्रातल्या सरकारी जागांना अधिवासाची अट असते. घरात पाच पिढ्या मराठी बोलली जात असली तरी कागदोपत्री हे कुटुंब मध्य प्रदेशचे. ही अडचण गाठीशी बांधूनच यादी करावी.

आता एनआयडीची परीक्षा जरा जवळून पाहू, कारण बाकीच्या बऱ्याच संस्थांनी तिचेच अनुकरण केले आहे. परीक्षा दोन टप्प्यांत होते. पहिल्या, प्राथमिक परीक्षेला अलीकडच्या वर्षांत अंतिम गुणांत तीस टक्के वजन आहे. दुसऱ्या टप्प्याला, मुख्य परीक्षेला, सत्तर टक्के. हा दुसरा टप्पा म्हणजे स्टुडिओ टेस्ट. विद्यार्थ्याला प्रत्यक्ष बोलावतात, साहित्य हातात देतात, एखादी परिस्थिती सांगतात आणि त्यातून काहीतरी करून दाखवायला लावतात. गुणांची ही वाटणीच संस्थेला काय हवे ते सांगून जाते. वेगाने पर्याय निवडणारा विद्यार्थी तिला पहिल्या गाळणीपुरता हवा आहे. पुढे हवा तो हातात आलेल्या वस्तूकडे बघून विचार करणारा. आणि जागा किती? अहमदाबादला बी.डेस.च्या आठ शाखा मिळून सव्वाशेच्या आसपास. देशभरातून येणाऱ्या अर्जांसमोर हा आकडा फार लहान आहे, आणि त्यामुळे सर्वांनी सारखीच तयारी केली तर निवड कशावर होणार हा प्रश्न उरतोच. सारख्या तयारीतून सारखी चित्रे निघतात. परीक्षकाने दिवसभरात तोच पावसातला बसथांबा, तोच फुगेवाला, तीच एका बिंदूकडे धावणारी रस्त्याची रेषा शेकडो वेळा पाहिलेली असते.

ही परीक्षा अशी का घडली याचे उत्तर १९५८ सालच्या एका छोट्या अहवालात आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर दांपत्य देशभर हिंडले आणि डिझाइनचे शिक्षण कसे असावे यावर त्यांनी अहवाल दिला. त्याच्या आधारे १९६१ मध्ये एनआयडी स्थापन झाली. या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक कशाचे केले असेल, तर लोट्याचे. ताजमहालाचे नव्हे, अजिंठ्याचेही नव्हे. हा लोटा घडवताना कोणते प्रश्न सोडवावे लागले असतील याची त्यांनी यादीच केली: पाणी किती मावावे, भरलेला आणि रिकामा उचलताना तोल कसा राहावा, डोक्यावर, कमरेवर, हातात तो कसा बसावा, ओतताना धार कशी पडावी, आतून घासता कसा यावा, किंमत किती पडावी. कोणा एकाने तो बनवला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांनी तो घासून-पुसून आजच्या रूपाला आणला, हा त्यांचा मुद्दा होता. देशातली डिझाइनची पहिली राष्ट्रीय संस्था स्वयंपाकघरातल्या भांड्याला प्रश्न विचारण्यातून जन्मली असेल, तर तिच्या दारात उभ्या राहणाऱ्याला असे प्रश्न विचारता येतात की नाही हेच ती बघणार.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही. शिकवणीवर्गाच्या फलकावर निवड झालेल्या मुलांचे फोटो असतात. मग त्यांचा उपयोग नाही असे कसे म्हणता? इंदूर तर शिकवणीवर्गांचेच शहर. भंवरकुआँ परिसरात सकाळी उभे राहिले तर स्पर्धा परीक्षांच्या वर्गांकडे निघालेल्या मुलांची रांग संपत नाही. मान्य. वेळेचे नियोजन, प्रश्नांचे प्रकार, पेन्सिलीचा हात मोकळा होणे, यासाठी वर्गाची मदत होते. प्राथमिक परीक्षा घड्याळाशी शर्यत आहे आणि शर्यतीला सराव लागतो. पण हा सराव मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवूनही होतो. वर्गामुळे नुकसान वेगळ्या ठिकाणी होते: तो उत्तरांचे साचे देतो. ‘वृद्धांसाठी खुर्ची’ म्हटले की चाके, दिवा आणि औषधांचा कप्पा असलेली खुर्ची काढायची, असे आधीच ठरते. ज्याने स्वतःच्या आजीला मोड्यावरून उठताना पाहिले आहे त्याला माहीत असते की तिला चाके नकोत, चाकांची तिला भीती वाटते. तिला उठताना जोर देता येतील असे भक्कम हात हवेत, आणि बैठक थोडी उंच. परीक्षक हा फरक क्षणात ओळखतो. फलकावरच्या फोटोंबद्दल एवढेच, की वर्गाला गेलेल्या आणि निवड न झालेल्या मुलांचा फलक कुणी लावत नाही.

मग इंदुरात बघायचे काय? माणिकबाग बघावी, पण ते सरकारी कार्यालय आहे, हवे तेव्हा वही घेऊन बसता येत नाही. छायाचित्रांवरच भागवावे लागते. आणि माझ्या मते विद्यार्थ्याच्या दृष्टीने माणिकबागेपेक्षा मोलाची जागा शहराच्या उत्तरेला, आग्रा-मुंबई रस्त्यालगत आहे. तिचे नाव अरण्य. १९८०च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी बाळकृष्ण दोशी यांनी या वसाहतीचा आराखडा केला. सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड, त्यांतले बहुसंख्य दुर्बल उत्पन्न गटासाठी. सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा. दोशींनी गरीब कुटुंबाच्या हाती तयार खुराडे ठेवले नाही. जोते, आणि संडास-मोरी-नळाचा गाभा एवढे दिले. बाकीचे घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे, सवडीप्रमाणे वाढवायचे. ते कसे वाढू शकते हे दाखवण्यासाठी ८० नमुना घरे बांधली. त्यांत रस्त्याकडेचे ओटे, बाहेरून चढणारे जिने, छोटे सज्जे यांचे किती मेळ बसू शकतात ते मांडले. १९९५ मध्ये या प्रकल्पाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला, आणि २०१८ मध्ये दोशींना प्रिट्झकर पारितोषिक. हे दोशी जन्माने पुण्याचे, शिकले मुंबईच्या जे. जे.त, काम केले ल कॉर्ब्युझिएकडे, आणि ज्या शाळेचे पुढे सेप्ट झाले ती त्यांनीच उभी केली. ज्या संस्थेत प्रवेश मिळावा म्हणून इंदूरचा विद्यार्थी धडपडतो, तिच्या संस्थापकाचे गाजलेले काम त्याच्या घरापासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर आहे.

अरण्यात जाऊन काय दिसते ते महत्त्वाचे. दोशींनी कागदावर काढलेले घर तिथे जसेच्या तसे क्वचितच उरले आहे. ओट्यावर दुकान निघाले, जिन्याखाली गाडी शिरली, सज्जा बंद करून खोली झाली, गच्चीवर आणखी एक मजला चढला. कुणाला यात आराखड्याचा पराभव दिसेल. मला उलट वाटते: घराने बदलावे अशीच तर ती रचना होती. पण विद्यार्थ्याने कोणताही निकाल द्यायची घाई करू नये. पाच घरे निवडावीत, लोकांची परवानगी घ्यावी आणि विचारावे की हा बदल केव्हा केला, का केला, त्याने काय सोयीचे झाले आणि काय गैरसोयीचे. खिडकी बुजवली असेल तर उजेड कुठून येतो? शिलाई मशीन दाराजवळ का आहे? पाहुणा आला की अभ्यास करणारे मूल कुठे जाते? या पाच घरांच्या नोंदी आणि कच्ची रेखाटने यांतून विद्यार्थ्याला जे कळेल ते फर्निचरच्या कुठल्याही कॅटलॉगात नाही. माणिकबागेचा संसार पेट्यांत भरून मोनॅकोला नेता आला. अरण्यातला एक ओटाही त्याच्या गल्लीपासून सोडवून नेता येणार नाही. इंटिरिअर म्हणजे सामान की वावर, या प्रश्नावर दोन टोकांची दोन उत्तरे एकाच शहरात असणे हे भाग्य आहे, आणि बहुतेक अर्जदारांना ते ठाऊकही नसते.

या दोन टोकांच्या मध्येही बरेच काही आहे. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकाने चालतात आणि रात्री त्यांच्याच पायऱ्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलेबीच्या गाड्या लागतात. एकाच जागेचे चोवीस तासांत दोन संसार. शटर पडल्यावर कढई कुठे येते, गिऱ्हाईक कुठे उभे राहते, कचरा कुठे जातो, गर्दी कशी सरकते, याचा नुसता नकाशा काढला तरी स्टुडिओ टेस्टच्या दहा प्रश्नांचा सराव होईल. होळकरांच्या जुन्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. वजन, उजेड आणि वारा यांचा हिशेब तिथे उभ्या-उभ्या वाचता येतो. जुन्या पेठांतल्या उरल्यासुरल्या वाड्यांतले कोनाडे, खुंट्या, फडताळे आणि माजघरातला तो मुद्दाम राखलेला अंधार पाहिला, की आजचे ‘स्टोरेज’ आणि ‘लायटिंग’ हे विषय कुणी परदेशातून आणले नाहीत हे लक्षात येते.

शिवाय या शहराला बघायला शिकवणाऱ्यांची परंपरा आहे, आणि ती मराठी आहे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये इंदुरात चित्रकलेची शाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर हे सारे त्या शाळेचे विद्यार्थी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये मुंबईची सरकारी कला पदविका मिळवली आणि पुढे बडोद्याच्या ललित कला शाखेत पिढ्या घडवल्या. त्या काळीही इंदूरच्या मुलाला परीक्षा मुंबईची द्यावी लागत होती. पण हात आणि डोळा तयार होत होता इंदूरच्या रस्त्यांवर, नदीकाठी, बाजारात. चिंचाळकर गुरुजींनी तर टाकाऊ लाकूड, वाळकी पाने, साली, काटक्या यांतून चेहरे आणि पशुपक्षी उभे केले. वस्तू फारशी न बदलता, तिच्यात आधीच काय दडले आहे ते बघून. स्टुडिओ टेस्टमध्ये विद्यार्थ्यासमोर तार, कागद, माती, दोरा ठेवून अपेक्षा केली जाते ती याहून वेगळी नाही. आज डिझाइनच्या शिकवणीत ‘मटेरियल हँडलिंग’ म्हणून ज्याचे शुल्क घेतात, ते गुरुजी आयुष्यभर करत आले होते.

आता पोर्टफोलिओ. एनआयडीच्या पदवी प्रवेशाला तो लागत नाही, पण कित्येक खासगी विद्यापीठे तो मागतात आणि परदेशी विद्यापीठांत तर त्यावरच बरेच अवलंबून असते. इथे आपल्याकडची मुले ठरलेली चूक करतात: गणपती, घोडे, नटीचे पोर्ट्रेट, एक जलरंगातले निसर्गचित्र आणि संगणकावर केलेला एक चकचकीत बेडरूम. या सगळ्यातून हात बरा आहे एवढेच कळते. त्याऐवजी एकच खोली घ्यावी, स्वतःच्या घरातले स्वयंपाकघर. मेजरिंग टेपने ते पूर्ण मोजावे: भिंती, खिडकीची उंची, ओट्याची उंची आणि रुंदी, दार उघडल्यावर अडणारी जागा, माळ्याखाली उरणारी उंची. मग १ः५० प्रमाणात प्लॅन आणि सेक्शन काढावे. आईच्या, काकूच्या किंवा स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या एका सकाळच्या हालचाली त्या प्लॅनवर रेघांनी दाखवाव्यात: फ्रिजपासून मोरी, मोरीपासून शेगडी, शेगडीपासून डब्यांचे कपाट, आणि पुन्हा. रेघा जिथे दाट होतात तिथे अडचण आहे. बहुतेक घरांत ओटा बांधणाऱ्या गवंड्याने एकच ठरीव उंची धरलेली असते आणि बाई पाच फूट असो की साडेपाच, तिने त्या उंचीशी जुळवून घ्यायचे असते. पाठदुखीचे कारण तिथे असू शकते आणि त्यावरचा उपाय लाखाचे मॉड्युलर किचन असेलच असे नाही. एखादी खाली ओढता येणारी फळीही पुरेल. तिचे पुठ्ठ्याचे मॉडेल करावे. ओळखीच्या सुताराला दाखवावे. तो सांगेल की प्लायवूडची शीट आठ बाय चार फुटांची येते, तुमच्या मापात ती कापली तर निम्मी वाया जाईल. मग मापे बदलावीत आणि पहिली मापे का बदलली तेही पोर्टफोलिओत ठेवावे. खोडलेल्या रेघांसकट. अशी आठ पाने चाळीस पानी चकचकीत वहीवर भारी पडतात, कारण त्यात माणूस विचार करताना दिसतो.

‘पण आमच्या मुलीला चित्र चांगले येत नाही,’ हा घराघरातला आक्षेप. रेखाटन यावे लागते, यात सवलत नाही. पण जे लागते ते चित्रकाराचे रेखाटन नव्हे. समोरच्याला कल्पना कळावी एवढी स्पष्ट, बऱ्यापैकी प्रमाणबद्ध, हातात टिकलेली रेघ लागते. रोज अर्धा तास एखादी खरी वस्तू समोर ठेवून काढली, फोटोवरून नव्हे, तर वर्षभरात ती येते. तिरका धरलेला तांब्या, अर्धे उघडे दार, पंख्याखाली हलणारा पडदा.

याहून अवघड आक्षेप पैशाचा आणि कायद्याचा आहे. वास्तुरचनाकारांसाठी १९७२ चा कायदा आहे. वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय कुणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. इंटिरिअर डिझायनरसाठी असा कोणताही कायदा नाही. त्याच १९७२ मध्ये इंटिरिअर डिझायनरांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, पण तिचे सदस्यत्व म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. म्हणजे उद्या कुणीही पाटी लावू शकतो आणि अनेकजण लावतात. मग चार वर्षे आणि अनेक लाख रुपये कशासाठी? एखाद्या चांगल्या ठेकेदाराकडे दोन वर्षे राबले तर लवकर कमाई सुरू होणार नाही का? होईल. ज्या घरात कर्ज काढूनच शिक्षण होणार आहे तिथे हा विचार व्हायलाच हवा, आणि एखाद्या सरकारी तंत्रनिकेतनातली किंवा कलाशाळेतली स्वस्त पदविका करून कामाला लागणे यात कमीपणा काहीच नाही. पण कायद्याने दार उघडे ठेवले आहे म्हणूनच आत शिरलेल्यांत फरक पाडणारी एकच गोष्ट उरते, शिक्षणातून आलेली विचाराची शिस्त. फॉल्स सीलिंग आणि सनमायका निवडणारा प्रत्येक गल्लीत मिळतो. रुग्णालयाची ओपीडी, शाळेचा वर्ग, वृद्धाश्रमाचे न्हाणीघर अशा जागा नीट आखू शकणारे फार थोडे आहेत, आणि ती कामे चांगल्या प्रशिक्षणाशिवाय जमत नाहीत. खर्चाचे समर्थन करायचे तर याच आधारावर करावे. महागड्या खासगी संस्थेचा केवळ इमारतीचा थाट पाहून करू नये. पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाची त्या विद्यापीठाला मान्यता आहे का, कार्यशाळेत खरोखर सुतारकामाची यंत्रे आहेत का, शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः काम करतात, हे चार प्रश्न प्रवेशाच्या काउंटरवरच विचारावेत. उत्तर टाळले गेले तर तिथून निघावे.

शेवटचा आक्षेप न्यायाचा आहे. निरीक्षण, संवेदना, प्रक्रिया हे शब्द सुशिक्षित घरातल्या मुलांना सोपे जातात; ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही त्यांनी काय करायचे? आक्षेपात तथ्य आहे. अर्जाचे शुल्क, केंद्रापर्यंतचा प्रवास, इंग्रजीत बोलण्याचे दडपण हे खरे अडथळे आहेत आणि त्यांवर उपाय संस्थांनीच करायला हवेत. पण परीक्षेतल्या मजकुराबद्दल बोलायचे तर दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांबरोबर वाढलेल्या मुलाला जागेबद्दल जेवढे माहीत असते तेवढे चार बेडरूमच्या फ्लॅटमधल्या मुलाला नसते. अंथरूण केव्हा उचलायचे, दप्तर कुठे टांगायचे, पाणी किती वाजता भरायचे याचा त्याने रोज अभ्यास केलेला असतो. ही आपली पात्रता आहे असे त्याला कुणी सांगितलेले नसते, एवढेच. शिकवणीवर्गाचे साचे नेमकी हीच पात्रता पुसून टाकतात. म्हणून साचेबंद तयारीचा सर्वांत मोठा तोटा श्रीमंत मुलाला होत नाही, या मुलाला होतो.

तारखांचे गणित सरळ आहे. एनआयडीची नोंदणी साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, प्राथमिक परीक्षा डिसेंबर-जानेवारीत होते. यूसीडही जानेवारीत असते. म्हणजे बारावीच्या वर्षात हाती फार तर पाच-सहा महिने मिळतात, आणि ते बोर्डाच्या अभ्यासाशी वाटून घ्यावे लागतात. वयाची अट, आरक्षणाची कागदपत्रे, अधिवासाचा दाखला या गोष्टी आयत्या वेळी घात करतात, त्या उन्हाळ्यातच लावून ठेवाव्यात. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा माहिती संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी, शिकवणीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरून नव्हे. अकरावीची परीक्षा संपली की एक साधी कोरी वही, एक टेप आणि दोन पेन्सिली घ्या, आणि पहिल्या रविवारी अरण्यात जाऊन या.